ड जीवनसत्त्वाच्या न्यूनतेवरील आनुवंशिक प्रभाव

ड जीवनसत्त्वाच्या न्यूनतेवरील आनुवंशिक प्रभाव या विषयात पुढील प्रश्नांचा विचार होतो : रक्तातील ड जीवनसत्त्वाचे प्रमाण माणसामाणसांत वेगवेगळे असण्यामागे जनुकांचा वाटा किती, तो कोणत्या जनुकांमार्फत पडतो आणि एखाद्या संपूर्ण लोकसमूहात आढळणाऱ्या न्यूनतेचा उलगडा त्यातून कितपत होतो. वर्षातील बहुतेक महिने भरपूर ऊन असलेल्या महाराष्ट्रात, विशेषतः मुंबई व पुणे या शहरांत, ही न्यूनता मोठ्या प्रमाणावर आढळते. त्यामुळे 'हे आमच्या रक्तातच असावे' असा समज सहज निर्माण होतो. उपलब्ध संशोधन या समजाला अंशतःच दुजोरा देते. सारखे जीवन जगणाऱ्या दोघांपैकी एकाची पातळी दुसऱ्यापेक्षा कमी का, याचे उत्तर काही अंशी जनुकांत सापडते. सबंध शहराची पातळी खाली का, याचे उत्तर मुख्यतः इतरत्र शोधावे लागते. एकाच जनुकातील दोषामुळे होणारे काही विरळ आजार मात्र याला अपवाद आहेत. तेथे जनुक हेच कारण असते आणि ते वेळेवर न ओळखल्यास मुलाच्या हाडांची कायमची हानी होते.

पार्श्वभूमी

ड जीवनसत्त्वाला जीवनसत्त्व म्हणणे हा एका अर्थाने ऐतिहासिक अपघात आहे. विसाव्या शतकाच्या आरंभी कॉड माशाच्या यकृताच्या तेलातील मुडदूस बरा करणाऱ्या घटकाचा शोध चालू होता, तेव्हा १९२२ मध्ये एल्मर मॅकॉलम यांनी हा घटक अ जीवनसत्त्वाहून वेगळा असल्याचे दाखविले. त्यालाच पुढे 'ड' हे अक्षर मिळाले. त्याआधीच, १९१९ मध्ये, बर्लिनमधील कुर्ट हुल्डशिन्स्की यांनी मुडदूस झालेल्या मुलांना अतिनील किरणांच्या दिव्याखाली ठेवून बरे केले होते. म्हणजे जो पदार्थ अन्नातून मिळतो तोच प्रकाशातूनही मिळतो, असे हे कोडे होते. उत्तर असे निघाले की मानवी त्वचा हा पदार्थ स्वतः तयार करते. शरीरात पुढे त्याचे रूपांतर संप्रेरकात होते व त्याचे वर्तनही संप्रेरकासारखेच असते.

रक्तात सामान्यतः मोजला जातो तो २५-हायड्रॉक्सी ड हा मधला टप्पा. त्याचे प्रमाण दर मिलिलिटरला २० नॅनोग्रॅमपेक्षा (म्हणजेच दर लिटरला ५० नॅनोमोलपेक्षा) कमी असल्यास बहुतेक ठिकाणी न्यूनता मानली जाते. काही संस्था १२ नॅनोग्रॅम ही सीमा वापरतात. सीमा बदलली की न्यूनताग्रस्तांची टक्केवारीही बदलते, म्हणून कोणतेही दोन आकडे शेजारी ठेवण्यापूर्वी हे तपासून पाहणे इष्ट.

महाराष्ट्रातील न्यूनता

या विषयावरील जगातील आरंभीच्या अभ्यासांपैकी एक नाशिक परिसरात झाला. हचिसन व शाह या संशोधकांचा मुडदुसाच्या कारणांविषयीचा प्रबंध १९२२ मध्ये 'क्वार्टर्ली जर्नल ऑफ मेडिसिन' या नियतकालिकात प्रसिद्ध झाला. मुडदूस हा थंड, धुरकट, दरिद्री शहरांचा रोग, अशी त्या काळी युरोपात समजूत होती. नाशिकमध्ये मात्र उलटे चित्र दिसले. ज्या सुस्थितीतील मुसलमान व उच्चवर्णीय हिंदू कुटुंबांत गोषा पाळला जात असे, तेथील लहान मुलांत आणि वयात येताच घरात बंदिस्त होणाऱ्या मुलींत हा रोग आढळला. या घरांतले खाणे चांगले होते. याउलट निकृष्ट आहारावर जगणाऱ्या, पण आईबरोबर शेतात, उघड्यावर वाढणाऱ्या गरीब घरांतील मुले त्यापासून बहुतांशी मुक्त होती.

नव्वद वर्षांनंतरचे चित्र वेगळ्या वेषात तेच आहे. मुंबईच्या के. ई. एम. रुग्णालयातील अंतःस्रावी विकार विभागाच्या संशोधकांनी २५ ते ३५ वर्षे वयाच्या १,१३७ निरोगी तरुण स्त्री-पुरुषांची तपासणी केली. २०११ मध्ये प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासात सरासरी पातळी दर मिलिलिटरला १७.४ नॅनोग्रॅम निघाली, आणि सुमारे ७० टक्के व्यक्तींची पातळी २० नॅनोग्रॅमच्या खाली होती. हे लोक आजारी नव्हते, हे येथे लक्षात ठेवण्याजोगे आहे. २०१६ ते २०१८ या काळातील राष्ट्रीय समावेशक पोषण सर्वेक्षणात १२ नॅनोग्रॅमची अधिक कडक सीमा लावूनही १ ते ४ वर्षे वयोगटात १४ टक्के, ५ ते ९ वयोगटात १८ टक्के आणि किशोरवयात २४ टक्के न्यूनता आढळली. शहरी व सधन घरांत ती अधिक होती. लोह वा प्रथिनांच्या बाबतीत गरिबी हे पहिले कारण असते. येथे सुबत्ता माणसाला सावलीत नेते.

मुंबईच्या ईशान्य टोकाला असलेले मुलुंड हे उपनगर या दृष्टीने उदाहरण म्हणून घेता येईल. त्याच्या एका बाजूस संजय गांधी राष्ट्रीय उद्यानाचे डोंगर, तर दुसऱ्या बाजूस ठाण्याच्या खाडीलगतची मिठागरे आहेत. सकाळी आठच्या सुमारास लोकल पकडून दक्षिण मुंबईत कामाला जाणारा आणि दिवेलागणीनंतर परतणारा येथील नोकरदार, आणि भर दुपारी उघड्या मिठागरात राबणारा मजूर, यांच्या घरांत फार अंतर नसते. पण त्यांच्या त्वचेवर पडणाऱ्या उपयुक्त किरणांत जमीनअस्मानाचे अंतर असते.

'कोवळे ऊन' आणि शून्य सावली

तान्ह्या बाळाला सकाळच्या कोवळ्या उन्हात न्यावे, ही मराठी घरांतील जुनी रीत. ड जीवनसत्त्व तयार करणारे अतिनील-ब किरण (तरंगलांबी साधारण २९० ते ३१५ नॅनोमीटर) सूर्य क्षितिजाजवळ असताना वातावरणातील ओझोनमध्ये जवळजवळ शोषले जातात. म्हणून सकाळी सातचे ऊन सुखद असले तरी त्यातून हे जीवनसत्त्व फारसे मिळत नाही. आपली सावली आपल्या उंचीपेक्षा आखूड असेल तेव्हाचे ऊन उपयोगी, असा सोपा ठोकताळा आहे.

मुंबई सुमारे १९ अंश उत्तर अक्षांशावर आहे. मे महिन्याच्या मध्यास आणि जुलैच्या अखेरीस मध्यान्हीचा सूर्य नेमका डोक्यावर येतो. यालाच 'शून्य सावलीचा दिवस' म्हणतात. डिसेंबरात सूर्य सर्वांत दक्षिणेला असतानाही तो मध्यान्ही सुमारे साडेसत्तेचाळीस अंश वर येतो आणि सावली उंचीहून थोडी आखूडच राहते. लंडन वा स्टॉकहोम येथे हिवाळ्यात त्वचेत हे जीवनसत्त्व तयारच होऊ शकत नाही. मुंबईत तशी अडचण वर्षातील एकाही महिन्यात नाही. पावसाळ्यातील ढग तेवढे आड येतात. खिडकीच्या काचेतून मात्र हे किरण पार होत नाहीत, त्यामुळे काचबंद सज्जातले ऊन या कामी निरुपयोगी असते.

पुण्यातील पुरुषांच्या पाहणीवर आधारित, २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासानुसार पातळी ५० नॅनोमोलच्या वर राखण्यासाठी दररोज दुपारचे एक तासाहून अधिक ऊन अंगावर पडावे लागते. पाश्चात्त्य पुस्तकांत सांगितलेल्या दहा-पंधरा मिनिटांपेक्षा हा काळ कितीतरी अधिक आहे. या फरकाचे एक कारण त्वचेचा वर्ण, आणि येथूनच जनुकांचा विषय सुरू होतो.

जीवनसत्त्वाचा शरीरातील प्रवास व संबंधित जनुके

त्वचेत ७-डिहायड्रोकोलेस्टेरॉल नावाचा पदार्थ असतो. त्यावर अतिनील-ब किरण पडले की ड३ जीवनसत्त्व तयार होते. मात्र याच पदार्थापासून शरीर कोलेस्टेरॉलही बनवते, आणि ते काम करणारे विकर डीएचसीआर७ या जनुकाच्या आज्ञेने तयार होते. हे विकर जितके तत्पर, तितका ड जीवनसत्त्वासाठी उरणारा कच्चा माल कमी.

तयार झालेले ड३ यकृतात जाते. तेथे मुख्यतः सीवायपी२आर१ या जनुकाचे विकर त्याला २५-हायड्रॉक्सी रूप देते. पुढे मूत्रपिंडात सीवायपी२७बी१ जनुकाच्या विकरामुळे त्याचे सक्रिय संप्रेरकात, म्हणजे कॅल्सिट्रायॉलमध्ये, रूपांतर होते. सीवायपी२४ए१ याचे काम नेमके उलट आहे. ते ही दोन्ही रूपे निकामी करून विल्हेवाटीला लावते. या सर्व प्रवासात रक्तातून वाहून नेण्याचे काम ड-बंधक प्रथिन करते. त्याचे जनुक जीसी या नावाने ओळखले जाते. शेवटी पेशीत शिरल्यावर व्हीडीआर या ग्राही प्रथिनाला चिकटूनच हे संप्रेरक आपला परिणाम घडवते.

जीसी या नावामागे एक गंमतीदार इतिहास आहे. १९५९ मध्ये यान हिर्शफेल्ड यांना रक्तद्रवात हे प्रथिन सापडले तेव्हा त्याचे कार्य कोणालाच ठाऊक नव्हते. त्याचे प्रकार मात्र माणसागणिक वेगळे दिसत, म्हणून मानववंशशास्त्रज्ञ रक्तगटांप्रमाणे त्याचाही उपयोग निरनिराळ्या जातिजमातींची तुलना करण्यासाठी करीत. हेच ड जीवनसत्त्वाचे वाहक आहे, हे १९७५ मध्ये उघड झाले.

त्वचेचा वर्ण

त्वचेतील मेलॅनिन हे रंगद्रव्य अतिनील किरण शोषून घेते. वर्ण जितका गडद, तितके अधिक ऊन त्याच उत्पादनासाठी लागते. वर्ण अनेक जनुकांवर अवलंबून असला तरी दक्षिण आशियात एसएलसी२४ए५ या जनुकातील एका रूपभेदाचा परिणाम विशेष मोठा आहे. हैदराबादच्या पेशी व रेण्वीय जीवशास्त्र केंद्रातील (सीसीएमबी) आणि एस्टोनियातील संशोधकांनी २०१३ मध्ये दाखविले की, उजळ वर्णाशी निगडित असलेला हा रूपभेद भारतीयांत आणि युरोपीयांत एकाच पूर्वजाकडून आलेला आहे. भारतातील निरनिराळ्या समाजांत त्याचे प्रमाण बरेच वेगवेगळे आहे.

गडद वर्ण म्हणजे न्यूनता, असा निष्कर्ष यातून काढणे चूक ठरेल. हा वर्ण उष्ण कटिबंधातील उघड्यावरच्या जीवनाला अनुरूप म्हणूनच घडला. तीच त्वचा कार्यालयात वा सदनिकेत दिवसभर बंद राहिली की गैरसोयीची ठरते. जनुक तेच असते, बदललेला असतो तो दिनक्रम.

जनुकांचा वाटा मोजण्याच्या पद्धती

आनुवंशिकतेचे प्रमाण मोजण्याची जुनी पद्धत जुळ्या भावंडांची. एकबीज जुळ्यांची जनुके जवळजवळ तंतोतंत सारखी असतात, तर द्विबीज जुळ्यांची इतर भावंडांइतकीच. दोन्ही प्रकारच्या जोड्यांतील साम्याची तुलना केल्यास जनुकांचा वाटा काढता येतो. मात्र ड जीवनसत्त्वाच्या बाबतीत अशा अभ्यासांची उत्तरे एकमेकांशी जुळत नाहीत. २००९ च्या एका स्वीडिश अभ्यासात हा वाटा उन्हाळ्यात ४८ टक्के आणि हिवाळ्यात शून्य निघाला. २०१० मध्ये अमेरिकेतील पुरुष जुळ्यांच्या अभ्यासात तो हिवाळ्यात ७० टक्के, तर उन्हाळ्यात शून्य होता.

परस्परविरोधी वाटणारे हे आकडे चुकीचे असलेच पाहिजेत असे नाही. 'आनुवंशिकतेचे प्रमाण' हा शब्दप्रयोग फसवा आहे, आणि त्याबद्दल सविस्तर लिहिणे आवश्यक वाटते. समजा, मुलुंडमधील एखाद्या गृहसंकुलातील सर्व रहिवासी एकाच वेळी बाहेर पडतात, सारखेच जेवतात आणि सारखेच कपडे घालतात. तर त्यांच्या पातळ्यांत जो काही फरक उरेल तो जवळजवळ सगळा जनुकांचा असेल, आणि आनुवंशिकतेचे प्रमाण शंभर टक्क्यांच्या आसपास जाईल. आता त्याच गटात मिठागरातील शंभर कामगार मिळवले, की फरकाचा मोठा भाग उन्हाचा ठरेल आणि तेच प्रमाण एकदम घसरेल. दरम्यान कोणाचेही जनुक बदललेले नसते. हे प्रमाण गटातील फरकांविषयी बोलते, गटाच्या सरासरीविषयी काहीच सांगत नाही. एका व्यक्तीच्या पातळीचा 'इतका टक्के भाग जनुकांमुळे' असा अर्थ तर त्यातून मुळीच निघत नाही. पाठ्यपुस्तकांतही या बाबतीत गफलत झालेली दिसते.

नवी पद्धत म्हणजे हजारो लोकांच्या संपूर्ण जनुकसंचातील लाखो ठिकाणे तपासून कोणती ठिकाणे पातळीशी निगडित आहेत ते पाहणे. २०१० मध्ये 'लॅन्सेट'मध्ये प्रसिद्ध झालेल्या 'सनलाइट' या संघाच्या अभ्यासात युरोपीय वंशाच्या सुमारे ३४,००० लोकांचा समावेश होता. त्यात जीसी, डीएचसीआर७ व सीवायपी२आर१ या जनुकांजवळची ठिकाणे ठळकपणे पुढे आली. शरीरशास्त्राने आधीच दाखविलेल्या प्रवासातीलच ही जनुके होती, त्यामुळे निष्कर्षावर विश्वास बसणे सोपे गेले. २०१८ मध्ये ७९,३६६ लोकांच्या अभ्यासात आणखी दोन ठिकाणांची भर पडली. २०२० मध्ये 'यूके बायोबँक'मधील चार लाखांहून अधिक लोकांच्या विदेवरून अशा ठिकाणांची संख्या शंभरापलीकडे गेली. तरीही अशा सर्वसामान्य रूपभेदांनी स्पष्ट होणारा फरकाचा भाग या अभ्यासांत साधारण ७ ते १६ टक्के एवढाच भरतो.

बहुतेक रूपभेदांचा एकेकटा परिणाम अल्प असतो. २०१७ मध्ये सीवायपी२आर१ मधील एक कमी आढळणारा रूपभेद सापडला. तो युरोपीयांत वीसपैकी सुमारे एकाजवळ असतो आणि असणाऱ्यांत न्यूनतेचा धोका जवळपास दुप्पट होतो. असे ठळक रूपभेद थोडेच आहेत.

मुंबईच्या संदर्भात याचा अर्थ काय, हे एका गणिताने पाहता येईल. 'सनलाइट' अभ्यासात जनुकीयदृष्ट्या सर्वांत प्रतिकूल चतुर्थांशाचे, सर्वांत अनुकूल चतुर्थांशाच्या तुलनेत, ५० नॅनोमोलखाली असण्याचे संभव-गुणोत्तर सुमारे १.९ होते. भारतीयांना ते जसेच्या तसे लागू पडेल असे नाही; केवळ उदाहरणादाखल घेऊ. ज्या गावात अनुकूल जनुकांच्या लोकांत शंभरात २० न्यूनताग्रस्त आहेत, तेथे प्रतिकूल जनुकांच्या लोकांत ते सुमारे ३२ होतील. ज्या शहरात अनुकूल जनुकांच्या लोकांतच ७० न्यूनताग्रस्त आहेत, तेथे प्रतिकूल गटात ते सुमारे ८२ होतील. म्हणजे जनुके उत्तम असूनही शहरातल्या माणसाची स्थिती, जनुके प्रतिकूल असलेल्या गावातल्या माणसाहून वाईट राहते.

भारतीयांवरील अभ्यास

वरील बहुतेक मोठे अभ्यास युरोपीय वंशाच्या लोकांचे आहेत. भारतीयांवरील काम तुलनेने थोडे आणि विखुरलेले आहे.

अमेरिकेच्या दक्षिण भागात राहणाऱ्या भारतीयांच्या १९९८ मधील एका अभ्यासात त्यांच्या त्वचेतील पेशी प्रयोगशाळेत वाढविल्या असता ड जीवनसत्त्व निकामी करणाऱ्या विकराची क्रिया अधिक आढळली. वातावरण बदलले तरी पेशी तो गुण घेऊन आल्या, त्यामुळे त्यामागे जनुकीय कारण असावे असा तर्क झाला. हा अभ्यास लहान होता, तरी आजही त्याचा उल्लेख होतो. दुसरीकडे, १९८७ मध्ये उंदरांवरील प्रयोगांतून असे दिसले की आहारात कॅल्शियम कमी पडले की ड जीवनसत्त्व अधिक वेगाने खर्ची पडते. भाकरी-पोळीसारख्या धान्यप्रधान, दुधाचा अंश कमी असलेल्या आहारात कॅल्शियम कमी मिळते, आणि धान्यातील फायटेटमुळे त्याचे शोषणही मंदावते. त्यामुळे जनुकाने घडते असे वाटणारी गोष्ट ताटातूनही घडू शकते.

पश्चिम लंडनमधील गुजराती समाजावरील अभ्यास २००० मध्ये 'लॅन्सेट'मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात ड न्यूनता आणि क्षयरोग यांचा संबंध आढळला, आणि व्हीडीआर जनुकातील काही रूपभेदांचा धोका न्यूनता असलेल्यांतच ठळक झाल्याचे दिसले. मुंबईत क्षयरोग आणि ही न्यूनता दोन्ही मोठ्या प्रमाणावर असल्याने या निष्कर्षाचे महत्त्व आहे. मात्र निरीक्षणात्मक अभ्यासातील संबंध म्हणजे कार्यकारणभाव नव्हे.

पंजाबी शिखांच्या जनुकसंचाचा ड जीवनसत्त्वाच्या दृष्टीने केलेला अभ्यास २०१६ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात २० क्रमांकाच्या गुणसूत्रावर, फॉक्सए२ या जनुकाजवळ, युरोपीय अभ्यासांत न दिसलेले ठिकाण पुढे आले. भारतीय समाजांत वेगळे रूपभेद असू शकतात याला ब१२ जीवनसत्त्वाच्या बाबतीत पुण्यातूनच पुष्टी मिळाली आहे. के. ई. एम. रुग्णालय, पुणे येथील माता-पोषण अभ्यासातील सहभागींचा समावेश असलेल्या २०१७ च्या संशोधनात एफयूटी६ जनुकातील ब१२ शी निगडित असे रूपभेद भारतीयांत आढळले. जानेवारी २०२५ मध्ये 'जीनोम इंडिया' प्रकल्पातील सुमारे १०,००० भारतीयांच्या जनुकसंचांची विदा संशोधकांना खुली झाली. युरोपीय गुणांकन भारतीयांना लावण्याऐवजी येथलेच गुणांकन तयार करण्यासाठी तिचा उपयोग होऊ शकतो.

घराण्याचा वारसा आणि जनुकांचा वारसा

भारतात या संशोधनापुढे एक खास अडचण आहे. येथील समाज अनेक पिढ्या जातीअंतर्गत विवाह करीत आले. त्यामुळे प्रत्येक गटाची जनुकीय ठेवण काहीशी वेगळी झाली. पण त्याच गटाचा आहार, पोशाख, व्यवसाय, घराची रचना आणि स्त्रियांनी किती बाहेर पडावे याचे नियम हेही वेगळे राहिले. शाकाहारी घरात बांगडा, तारली यांसारखे मासे किंवा अंडी येत नाहीत. अन्नातून ड जीवनसत्त्व देणारे पदार्थ मुळात एवढेच थोडे आहेत. अशा वेळी दोन समाजांच्या पातळ्यांतील फरक जनुकांनी घडविला की रीतीभातींनी, हे सरळ तुलनेतून वेगळे काढता येत नाही. नाशिकच्या १९२२ च्या अभ्यासातील गोषातील कुटुंबे आणि शेतमजूर कुटुंबे जातीनेही वेगळीच होती. केवळ त्या अभ्यासाच्या आधारे जनुकवादी मनुष्य वाद घालू शकला असता.

हा पेच सोडविण्याचा मार्ग म्हणजे एकाच थरातील लोकांची तुलना. पुण्यातील निम्न आर्थिक गटातील २ ते ३ वर्षे वयाच्या मुलांचा अभ्यास २०१० मध्ये प्रसिद्ध झाला. ज्या मुलांना उन्हात खेळायला मिळत होते आणि ज्यांना मिळत नव्हते, अशा दोन गटांत ड जीवनसत्त्वाची पातळी व मुडदुसाचे प्रमाण यांत स्पष्ट फरक दिसला. येथे जातीची वा आहाराची मोठी तफावत आड आली नाही.

आई, मुलगी आणि नात तिघींनाही न्यूनता असेल तर ती 'घराण्यात' आहे हे खरे. मात्र वारशाने जनुके येतात तशी स्वयंपाकाची पद्धत येते, घर येते आणि उन्हाला टाळण्याची सवयही येते. न्यूनता असलेल्या आईच्या बाळाला जन्मतःच अपुरा साठा मिळतो. तोही वारसाच, पण जनुकीय नव्हे.

एकजनुकीय विकार

आतापर्यंतचे विवेचन अल्प परिणामांच्या अनेक जनुकांविषयी होते. याहून अगदी वेगळा प्रकार म्हणजे एकाच जनुकातील गंभीर दोष. सीवायपी२७बी१ मधील दोषाने होणाऱ्या मुडदुसात मूत्रपिंड सक्रिय संप्रेरक बनवू शकत नाही. रक्तातील २५-हायड्रॉक्सी ड पुरेसे असूनही हाडे वाकतात. सीवायपी२आर१ मधील दोषात यकृताचा टप्पा अडतो. व्हीडीआरमधील दोषात संप्रेरक भरपूर असते, पण पेशींना त्याची आज्ञा कळत नाही. यातील अनेक मुलांच्या डोक्यावर व अंगावर केस नसतात, आणि ही खूण डॉक्टरांना निदानाकडे नेते. हे विकार अप्रभावी स्वरूपाचे आहेत, म्हणजे आई व वडील दोघांकडूनही सदोष प्रत आली तरच होतात. म्हणूनच रक्तसंबंधातील विवाहात त्यांचा धोका वाढतो. महाराष्ट्रातील अनेक समाजांत मामाच्या मुलीशी विवाहाची प्रथा आहे. याखेरीज नात्यात लग्न न करणाऱ्या लहान गटांतही थोड्या मूळ पूर्वजांपासून वंश वाढल्याने अप्रभावी विकार एकवटू शकतात. सीसीएमबीच्या सहभागाने झालेल्या २०१७ च्या अभ्यासात दक्षिण आशियातील तपासलेल्या २६३ पैकी ८१ गटांत हा परिणाम फिनलंडमधील लोकांपेक्षाही तीव्र आढळला.

यांहून वेगळा, एक्स गुणसूत्रावरील पीएचईएक्स जनुकातील दोषाने होणारा मुडदूस फॉस्फेट लघवीवाटे निघून गेल्याने होतो. त्याला ड जीवनसत्त्वाचा पुरवठा हा उपायच नव्हे.

व्यवहारात याचे महत्त्व मोठे आहे. जेथे साधी न्यूनता सर्वत्र आढळते, तेथे वाकलेल्या पायांचे मूल आले की ड जीवनसत्त्वाची मात्रा दिली जाते, आणि बहुतेकदा ते योग्यही असते. योग्य मात्रा व कॅल्शियम देऊन तीनेक महिन्यांत क्ष-किरण चित्रात सुधारणा दिसली नाही, तर मात्र पुन्हापुन्हा तीच मोठी मात्रा देण्याऐवजी कॅल्शियम, फॉस्फेट, पॅराथायरॉइड संप्रेरक आणि आवश्यक तर जनुकीय तपासणी यांकडे वळावे लागते. मूत्रपिंडातील टप्प्याच्या दोषात कॅल्सिट्रायॉल दिल्यास मूल सुधारते. उलट बाजूचा धोकाही आहे : सीवायपी२४ए१ च्या दोन्ही प्रती सदोष असलेल्या बालकाला नेहमीची प्रतिबंधक मात्राही बाधते आणि रक्तातील कॅल्शियम धोकादायक पातळीवर जाते. हा संबंध २०११ मध्ये स्पष्ट झाला. अप्रभावी विकार असलेल्या मुलाच्या पुढच्या प्रत्येक भावंडाला तो होण्याची शक्यता चारात एक असते, म्हणून निदान हे त्या मुलापुरते राहत नाही.

मापनाविषयीचा प्रश्न

रक्तातील २५-हायड्रॉक्सी ड बहुतांश बंधक प्रथिनाला चिकटलेले असते. मुक्त स्वरूपात फारच थोडे. जीसीच्या काही रूपभेदांमुळे वाहक प्रथिन कमी झाल्यास एकूण आकडा खाली दिसतो, पण पेशींना मिळणारा मुक्त अंश तितका घटलेला नसू शकतो. २०१९ मध्ये जीसी जनुकाच्या दोन्ही प्रती नसलेल्या एका स्त्रीचे वर्णन प्रसिद्ध झाले. तिच्या रक्तात हे जीवनसत्त्व जवळजवळ आढळत नव्हते आणि मोठ्या मात्रा देऊनही वाढत नव्हते. तरी तिच्यात मुडदूस वा अस्थिमृदुता दिसली नाही. निरनिराळ्या वंशांतील वाहक प्रथिनाच्या प्रमाणाबद्दल २०१३ मध्ये अमेरिकेत मांडलेले निष्कर्ष मापनपद्धतीच्या मर्यादेमुळे वादग्रस्त ठरले. अहवालावरील एक आकडा सर्वांसाठी सारख्याच अर्थाचा आहे का, हा प्रश्न त्यामुळे अजून खुला आहे.

उपाय व जनुकीय चाचण्या

ड जीवनसत्त्वाशी संबंधित जनुकांच्या चाचण्या अलीकडे खासगीरीत्या विकल्या जातात. सर्वसामान्य न्यूनतेत त्यांचा उपयोग मर्यादित आहे. रक्ताची साधी चाचणी प्रत्यक्ष पातळी दाखवते, तर जनुकीय चाचणी तिच्याकडे असलेला किंचित कल सांगते; दोन्हींतील उपचार सारखाच राहतो. एकजनुकीय विकाराची शंका असेल तेव्हाच जनुकीय चाचणीला निर्णायक महत्त्व येते.

भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेने २०२० मध्ये प्रौढांसाठी दररोज ६०० आंतरराष्ट्रीय एकके (१५ मायक्रोग्रॅम) अशी शिफारस केली. २०१८ च्या अन्नसमृद्धीकरण नियमांनुसार दुधात दर लिटरमागे ५ ते ७.५ मायक्रोग्रॅम ड जीवनसत्त्व मिसळण्याची तरतूद आहे. अशा दुधाच्या व खाद्यतेलाच्या वेष्टनावर निळ्या रंगात अधिकचिन्हासह 'एफ' ही खूण असते. दिवसाला दोन पेले, म्हणजे सुमारे ४०० मिलिलिटर, असे दूध घेतल्यास २ ते ३ मायक्रोग्रॅम मिळतात. शिफारशीच्या जास्तीत जास्त पाचव्या भागापर्यंतच ही भर जाते. उरलेली गरज ऊन, इतर आहार किंवा डॉक्टरांनी ठरविलेली पूरक मात्रा यांतून भागवावी लागते.